सरासरीच्या आड लपलेले आकडे

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा निरोप आला. सोबत सूचना होती की, शाळेत शिकलेले आणि आजही उपयोगी पडणारे असे काहीही चालेल. सहली, स्नेहसंमेलने, खोड्या यांवर आपल्यातले बरेच जण माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, म्हणजे दिवसभर आकड्यांशी आणि नियमांशी झटापट. म्हणून मी एका आकड्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. रसायनशास्त्रात त्याला ऑक्सिडीकरण अंक म्हणतात. अकरावीनंतर आपण सगळे त्याला ऑक्सिडेशन नंबर म्हणू लागलो. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत सोबत राहिलात तर तो थेट आपल्या काल्हेरच्या गोडाऊनपाशी येऊन थांबतो, हे दिसेल.

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध दहावीलाच सुटला, त्यांच्यासाठी आधी थोडी उजळणी. दोन वेगळी मूलद्रव्ये एकत्र आली की इलेक्ट्रॉनांची ओढाताण होते. ज्याची ओढ जास्त, त्याच्या खात्यावर ते इलेक्ट्रॉन पूर्ण जमा झाले असे धरायचे आणि मग प्रत्येक अणूची बाकी काढायची. इलेक्ट्रॉन गेले तर अधिक, आले तर उणे. ही बाकी म्हणजे ऑक्सिडेशन नंबर. नियम मोजकेच आहेत. सुट्या मूलद्रव्याचा नंबर शून्य. फ्लोरीन संयुगात नेहमी −१. सोडियम, पोटॅशियम +१. हायड्रोजन बहुधा +१ आणि ऑक्सिजन बहुधा −२. सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटचा: संयुगातल्या सगळ्या अणूंची बेरीज शून्य आली पाहिजे, आणि आयन असेल तर त्याच्यावरच्या प्रभाराइतकी.

उदाहरण म्हणून पोटॅशियम परमँगनेट घ्या. त्यात एक पोटॅशियम, एक मँगनीज आणि चार ऑक्सिजन. पोटॅशियमचे +१, चार ऑक्सिजनचे मिळून −८. बेरीज शून्य व्हायला मँगनीजला +७ घ्यावे लागतात. हिशेबाने सात इलेक्ट्रॉन गमावून बसलेला मँगनीज मिळेल तिथून ते परत घ्यायला टपलेला असतो. पाण्यातल्या जंतूंकडून घेतो, सडक्या पानांकडूनही घेतो. १८९० च्या दशकात आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला आणि ती रीत देशभर पसरली. विहिरीचे पाणी जांभळे का होते आणि तो रंग थोड्या वेळाने का जातो, याचे उत्तर त्या +७ मध्ये आहे. मँगनीजला इलेक्ट्रॉन मिळाले की नंबर उतरतो आणि जांभळा रंगही जातो.

आता इतिहास. ‘ऑक्सिजन’ हे नाव फ्रान्सच्या लव्हाझिए यांनी दिले आणि जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणे, हे त्यांनी वजने करून दाखवले. १७८७ साली लव्हाझिए, गिटों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. ऑक्सिजन कमी असलेल्या आम्लाच्या नावाला एक शेपूट, जास्त असलेल्याला दुसरे. आपण पाठ केलेले सल्फ्युरस आणि सल्फ्युरिक हे त्याच शेपटांचे वंशज. पुढे स्वीडनच्या बर्झीलियस यांनी ती धातूंनाही जोडली आणि फेरस, फेरिक आले. म्हणजे ऑक्सिडेशनचा पहिला हिशेब आकड्यांत नव्हता, नावाच्या शेवटच्या अक्षरांत होता.

या चौघांपैकी बर्थोले आपल्या भिवंडीकरांना जवळचे वाटावेत असे आहेत. त्यांनी १७८५ च्या सुमारास दाखवले की क्लोरीनने कापड पांढरे होते. त्यापूर्वी युरोपात कोरे कापड आंबट ताकात भिजवून आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागे. क्लोरीन वायू हाताळणे मात्र जीवघेणे. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरी गेलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी पावडर करण्याचे पेटंट घेतले. ब्लीचिंग पावडर ती हीच. कापड गिरण्यांच्या वाढीत तिचा मोठा वाटा आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी याच क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्या गावात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल पावडर टाकायचा, तीही तीच. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात जास्तीचा चुना घातलेला असतो. या पावडरीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

मराठीत हे ज्ञान उतरवायला कष्ट पडले, त्याची नोंद आपल्यासारख्या मराठी शाळेच्या स्मरणिकेत असायलाच हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले बाळाजी प्रभाकर मोडक रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तके लिहीत होते. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, तेव्हा शास्त्रीय परिभाषा पक्की करणे हे त्यातले एक मोठे काम होते. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि ते शब्द आपल्या दप्तरात आले: संयुजा, ऑक्सिडीकरण, क्षपण. क्षपण हा शब्द आपण किती वेळा न समजता घोकला असेल! क्षपण म्हणजे घटवणे, झिजवणे. धातुकातून ऑक्सिजन काढला की वजन घटते आणि धातू उरतो, म्हणून इंग्रजीतही त्याला घट अशाच अर्थाचा शब्द आहे. आकड्यांत पाहिले तर क्षपणात ऑक्सिडेशन नंबर उतरतो. शब्द ज्यांनी निवडला त्यांनी विचार करून निवडला होता.

यातला ‘संयुजा’ हा शब्द १८५२ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड फ्रँकलंड यांनी मांडलेल्या कल्पनेसाठी आहे. प्रत्येक अणूला ठरावीक हात असतात, असे आपण त्याचे चित्र काढायचो. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. पण हातांना अधिक-उणे नसते. कोण देणारा आणि कोण घेणारा, हे संयुजा सांगत नाही. ती उणीव भरून काढणाऱ्यांत अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे ओटिस जॉन्सन होते. १८८० साली त्यांनी अणूंच्या बंधांना अधिक-उणे चिन्हे देऊन समीकरणे जुळवण्याचा नियम प्रसिद्ध केला. आपण अकरावीत ज्या पद्धतीने समीकरणे सोडवली, तिचे मूळ इथे आहे. यातली गंमत बघा. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला १८९७ साली. म्हणजे इलेक्ट्रॉन नावाचे नाणे कोणी पाहिलेही नव्हते, तेव्हा १७ वर्षे आधी त्याच्या जमाखर्चाची वही तयार होती आणि ताळेबंद बरोबर लागत होता.

पुढची पायरी जर्मनीच्या आल्फ्रेड श्टॉक यांची. फेरस-फेरिकमध्ये दोनच शेपटे, पण मँगनीजसारख्या धातूच्या पायऱ्या पाच-सहा. १९१९ साली त्यांनी सुचवले की धातूच्या नावापुढे सरळ रोमन आकडा लिहावा. आज औषधाच्या किंवा रसायनाच्या बाटलीवर आयर्न दोन, आयर्न तीन असे दिसते ते त्यामुळे. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वेंडेल लॅटिमर यांचे मूलद्रव्यांच्या ऑक्सिडेशन अवस्थांवरचे पुस्तक आले आणि हा शब्द रूढ झाला. कोणाची ओढ जास्त हे ठरवायला लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची मोजपट्टी दिली होतीच. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, या नंबरची सुधारित व्याख्या दिली ती तर २०१६ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१४ मध्ये, इरिडियमचा +९ नंबर प्रयोगाने दाखवला गेला होता. जो नियम आपल्याला पुस्तकात दगडावर कोरल्यासारखा वाटला, त्याच्यावर आपण नोकरीला लागल्यानंतरही चर्चा चालू होती.

मला या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे. ऑक्सिडेशन नंबर अणूच्या अंगावर लिहिलेला नसतो. परमँगनेटमधल्या मँगनीजवर प्रत्यक्षात सात अधिक प्रभार नसतात. इलेक्ट्रॉन पूर्ण गेले असे आपण मानतो आणि सगळ्यांनी एकच मानायचे ठरवले म्हणून ते चालते. माझ्या कामात असे संकेत पदोपदी असतात. दोन संगणकांनी कोणता आकडा कोणत्या अर्थाने घ्यायचा, हे आधी ठरलेले नसेल तर एक अक्षरही इकडून तिकडे जात नाही. बेरीज शून्य यायलाच हवी, हा आमच्या भाषेत चेकसम झाला. बेरीज आली नाही तर कुठेतरी चुकले. पण चेकसमची एक मर्यादा आम्हाला पक्की ठाऊक असते. तो बरोबर आला म्हणून आतला प्रत्येक आकडा बरोबर असतोच असे नाही. ऑक्सिडेशन नंबरचेही तसेच आहे.

लोहाराच्या भट्टीत तापवलेल्या लोखंडावर काळी खपली धरते, ती पाहा. तिच्यात तीन लोह आणि चार ऑक्सिजन असलेले ऑक्साइड असते. ऑक्सिजनचे −८, म्हणून तीन लोहांचे मिळून +८. प्रत्येकी आठ भागिले तीन! इलेक्ट्रॉनाचे तुकडे होत नाहीत, मग हा अपूर्णांक कसा? उत्तर असे की ती सरासरी आहे. तीनपैकी एक लोह +२ आणि दोन +३. अपूर्णांक आला की आपण सावध होतो, हे बरे. खरी अडचण सरासरी नेमकी पूर्णांक येते तेव्हा असते.

आता टीसीएल. सोप्या सूत्रात एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन, दोन क्लोरीन. कॅल्शियम +२, ऑक्सिजन −२, म्हणजे दोन क्लोरीन मिळून शून्य, सरासरीही शून्य. शून्य पाहून कोणालाही वाटेल, अगदी शांत पदार्थ. पण आत पाहिले तर एक क्लोरीन +१ आहे आणि दुसरा −१. चुन्यात क्लोरीन मुरवला तेव्हा शून्याची अशी फाळणी झाली होती. पाणी निर्जंतुक करतो तो +१ वाला. हेच पावडर किंवा त्याच जातीचे ब्लीच, संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळले तर काय होईल? +१ आणि −१ पुन्हा भेटतात आणि शून्य होतात. हा शून्य म्हणजे सुटा क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सोडला होता तोच. चकचकीत फरशीच्या हौसेपोटी बंद बाथरूममध्ये दोन्ही एकदम ओतू नका, हे आपण मुलांना, सुनांना, घरकामाच्या मावशींना सांगतो. ते का, हे या दोन आकड्यांनी कळते आणि कारण कळले की सूचना लक्षात राहते.

दुसरे उदाहरण अमोनियम नायट्रेटचे. शेतकरी ज्याला नत्र म्हणतो, तो नायट्रोजन यात दोनदा आहे. दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. हायड्रोजनचे +४, ऑक्सिजनचे −६, म्हणून दोन नायट्रोजन मिळून +२, सरासरी +१. परीक्षेत एवढे लिहून पुढे जाता येते. पण अमोनियमच्या भागातला नायट्रोजन −३ आहे आणि नायट्रेटच्या भागातला +५. एकाकडे इलेक्ट्रॉन ओसंडून वाहत आहेत आणि शेजारच्याला त्यांची तहान लागलेली आहे. दोघे एकाच खड्यात शेजारी शेजारी बसले आहेत. साध्या तापमानाला ते वर्षानुवर्षे गप्प बसतात, म्हणून ते खत म्हणून विकता येते. सांभाळून तापवले तर दोघे सरासरीवर, म्हणजे +१ वर येतात आणि नायट्रस ऑक्साइड हा भूल देण्याचा वायू निघतो. पण मोठा ढीग, बंद जागा आणि आग एकत्र आली की क्षणात सगळ्याचे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि वाफ होऊ शकते.

४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनमधल्या बैरूत बंदरावर नेमके हेच झाले. एका जहाजावरून उतरवलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षे एका गोदामात पडून होते. २०० हून अधिक माणसे गेली आणि अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. लगेच आपल्याकडेही शोध सुरू झाला आणि चेन्नईजवळ मनाली इथे जप्त करून वर्षानुवर्षे ठेवलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट घाईघाईने हैदराबादला हलवले गेले. याच्या साठवणुकीसाठी भारतात २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. नियम होते, कागदही होते. गोदामात आहे ते काय, हे रोज पाहणाऱ्या माणसाला समजणे, एवढेच अशा ठिकाणी राहून जाते.

आणि इथे आपण काल्हेरला आलो. आपल्या लहानपणी कशेळीचा पूल ओलांडला की एका अंगाला खाडी, रेतीच्या होड्या आणि दुसऱ्या अंगाला भातशेती असायची. मुंबईत माल न्यायचा तर जकात. ती वाचवत, पण मुंबईच्या उंबरठ्यावर माल ठेवायला व्यापाऱ्यांना जागा हवी होती आणि ती आपल्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडा, मानकोली या पट्ट्यात मिळाली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन वाढतच राहिली. आता ठाणे-भिवंडी मेट्रोच्या नकाशातही काल्हेर स्थानक आहे. आपल्यापैकी कित्येकांची घरे गोडाऊनच्या भाड्यावर उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. कोणी तिथे सुपरवायझर आहे, कोणी ट्रान्सपोर्टमध्ये, कोणी माथाडी. त्या शेडमध्ये मोबाइल आहेत, कपडे आहेत, आणि रंग-रसायनांचे पिंपही आहेत.

म्हणून ही एवढी उठाठेव. पिंपावर किंवा ट्रकच्या मागे पिवळा चौकोन कोनावर उभा केलेला असतो. त्यात एक वर्तुळ, वर्तुळावर ज्वाळा आणि खाली ५.१ असा आकडा. तो ऑक्सिडकाचा शिक्का आहे. ऑक्सिडक म्हणजे आत कोणाचा तरी नंबर वर चढलेला आहे आणि तो इलेक्ट्रॉन ओढायला बसला आहे. ज्वाळेखालचे वर्तुळ हेच सांगते की हा माल स्वतः जळेलच असे नाही, पण शेजारच्याला जाळायला मदत करेल. त्याच्याजवळ कापडाचे तागे, पुठ्ठा, तेल, लाकडी भुसा, गंधक ठेवायचे नाही. टीसीएलच्या पिंपाशेजारी ॲसिडचे कॅन ठेवायचे नाहीत. गळती झाली तर भुश्याने पुसायचे नाही. सांडलेले झाडून परत त्याच पिंपात भरायचे नाही. हे सगळे नियम वेगवेगळे पाठ करायला गेले तर डोक्यात राहत नाहीत. ‘देणारा आणि घेणारा शेजारी ठेवू नका’ हे एक वाक्य मात्र राहते.

गोडाऊन भाड्याने देणाऱ्या आपल्या मित्रांना माझी विनंती आहे. करारात भाडे, डिपॉझिट, मुदत लिहितो, तसे ‘आत काय माल असेल’ हेही लिहून घ्या. प्रत्येक रसायनासोबत सुरक्षेचे माहितीपत्रक येते, ते मागा. बऱ्याचदा ते इंग्रजीत असते. तिथे आपल्यातला कोणीही दहावी-बारावी झालेला माणूस कामी येऊ शकतो. आययूपॅकची व्याख्या माहीत असण्याची गरज नाही. शिक्का ओळखता आला आणि सूत्रातली बेरीज करून आत दोन टोकांचे आकडे दडले आहेत का, असा प्रश्न पडला तरी पुरे. मी रसायनशास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना असतो तेवढा, गंज आणि पाणी शुद्धीकरणाचा धडाच माझ्या वाट्याला आला. पण त्याचा पाया संयुजा आणि क्षपण या मराठी शब्दांनी आपल्या शाळेतच घातला गेला होता. विज्ञानाच्या बाई बेरीज शून्य आल्याशिवाय वहीवर सही करत नसत, हेही त्या पायाचाच भाग.

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला भेट म्हणून काय द्यावे, अशी चर्चा चालू आहे. पंखे, बाके, संगणक सगळे द्यावे. त्यासोबत धोक्याच्या मालाच्या नऊ वर्गांच्या शिक्क्यांचा एक मोठा मराठी तक्ता विज्ञानाच्या वर्गात लावावा, असे मी सुचवते. खर्च माझा. आज त्या वर्गात बसलेली मुले शाळा सुटल्यावर याच रस्त्याने, याच ट्रकांच्या बाजूने घरी जातात. उद्या त्यातली काही याच गोडाऊनच्या दारात चाव्या घेऊन उभी असतील. शिक्का वाचता येणारा एक जण दारात असला तर आतला माल कसा रचायचा, हे त्याला कोणी सांगायला लागणार नाही.